धुऱ्यावरचा मारोती

आमच्या घरात देवाशी बोलायचं काम मायकडे होतं आणि देवाच्या वतीने आम्हाला दटावायचं काम बाबांकडे. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, देव मानत नसत. त्यामुळे प्रसाद संपवायचं काम त्यांच्याकडे आपोआपच आलं होतं. अमरावतीच्या कडेला आमचं फुलांचं वावर होतं. आज तिथे दुमजली बंगले आहेत, त्यांच्या कुंपणांत शोभेची झाडं आहेत आणि ती नीट वाढत नाहीत हे पाहून मला उगाच बरं वाटतं. तेव्हा तिथे निशिगंध, मोगरा, शेवंती आणि बांधाच्या कडेने वांगी-मिरच्या असत. घर वावरातच. पहाटे डोळे उघडायचे ते ओल्या गोणपाटाच्या वासाने आणि मायच्या बांगड्यांच्या आवाजाने. फुलं तोडून झाली की ती टोपल्यांत भरायची, वरून ओलं गोणपाट टाकायचं, आणि मग चुलीवर भाकरी थापता थापता तिचं देवाशी बोलणं सुरू व्हायचं. वावराच्या तोंडाशी एक मारोती होता. त्याला ती हात जोडण्याआधी जाब विचारायची. "काय रे बाप्पा, झोपला का? मोटर बंद पडली, फुलं सुकून राहिले, तुले दिसून नाही राहिलं का?" असं म्हणून ती फटकन तव्यावरची भाकर उलटायची. मोटर दुरुस्त झाली की नारळ. नाही झाली तर दुसऱ्या दिवशी आणखी जोरात जाब.

बाबांना हे असलं बोलणं अजिबात पटत नसे. त्यांची देवावर श्रद्धा मोठी, पण ती तहसील कचेरीसारखी होती. सगळं वेळच्या वेळी, पद्धतशीर, एक वस्तू कमी पडली तर अर्ज परत. नैवेद्याच्या ताटात लिंबाची फोड उजवीकडे गेली तर ते जेवत नसत. त्यांचा आणखी एक स्वभाव होता, तो या हकिकतीत पुढे उपयोगी पडला म्हणून आताच सांगून ठेवते. त्यांना स्वतःचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नसे. स्वतः दिवसभर म्हणतील की यंदा मोगऱ्याला काही दम नाही, आणि शेजारच्याने तेच म्हटलं की ताडकन उठून मोगऱ्याची बाजू घेऊन भांडतील. काका म्हणत, "दादाले हरवाचं असन तं त्याचंच बोलनं त्याले आयकवा लागते." पण ते करायची हिंमत घरात कुणाची नव्हती, काकांचीही नव्हती.

काकांचं नास्तिकपण मात्र बघण्यासारखं होतं. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांना विषमज्वर झाला. ताप उतरेना. मायने औषधाच्या बाटलीला कुंकू लावलं आणि मारोतीला सांगून टाकलं, की माह्या दिराचा ताप उतरला तं तो वर्षभर वांगं खानार नाही. ताप उतरला. काका अंथरुणातून उठून बसले, पहिल्यांदा जेवायला मागितलं, आणि ताटात वांग्याची भाजी नाही असं पाहून त्यांनी चौकशी केली. कळल्यावर त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"वैनी, नवस तुमी बोल्ल्या. वांगं माहं काहून बंद?"

"ताप कोनाले आलता?" माय म्हणाली.

 वऱ्हाडातल्या माणसाला वांगं सोडायला लावणं म्हणजे काय, हे इतरांना सांगून कळायचं नाही. पण काकांनी ते सोडलं. देवासाठी नाही, वहिनीच्या शब्दासाठी, असं ते चारचौघांत ठासून सांगत, आणि पंगतीत कुणी वाढायला लागलं तर ताटावर दोन्ही हात आडवे धरत.

मी मॅट्रिकनंतर दोन वर्षं शास्त्र शाखेत काढली आणि मला शेतीच्या कॉलेजात जायचं होतं. कारण साधं होतं. एका हंगामात आमची सगळी शेवंती आठवड्याभरात काळी पडून गेली. कळ्या लागलेल्या होत्या, माय रोज त्यांच्यावरून हात फिरवायची. बाबा म्हणाले नजर लागली. शेजारी म्हणाले पाणी जास्त झालं, दुसरे म्हणाले कमी झालं. मायने मारोतीला विचारलं, तोही गप्प. त्या काळ्या झाडांमध्ये उभी राहून मी ठरवलं होतं की ही कशाने मेली ते मला कळलंच पाहिजे. ते कॉलेज अकोल्याला होतं. मुली तिथे जवळजवळ जातच नसत. मी घरी बोलले तेव्हा बाबा दाढी करत होते. त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"अवं, वावरातला चिखल तुह्या पायाले लागू नये म्हनून तं तुले शाळेत घातलं. अन् तू आता चिखल तुडवाले कॉलेजात जातो म्हनतं? शिकाचंच असन तं मास्तरीन हो."

 मी तरीही फॉर्म भरला. बाबांनी सही केली ती, हिला कुठे घेणार आहेत, या खात्रीने केली. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा ते वावरात निघून गेले आणि माय नवं लुगडं नेसून माझ्याबरोबर एसटीत बसली.

मूर्तिजापूर मागे पडलं आणि गाडीने धूर सोडला. ड्रायव्हर खाली उतरला, कंडक्टर खाली उतरला, मग पुरुष प्रवासी उतरून इंजिनात डोकावू लागले. त्यातल्या कुणालाच काही कळत नव्हतं हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं. मागची गाडी केव्हा येईल हे कुणी सांगेना. मुलाखत दुपारची. मी रडकुंडीला आले. मायने खिडकीतून बाहेर पाहिलं. रस्त्याच्या कडेला एक लिंबाचं, म्हणजे कडुलिंबाचं, झाड होतं, त्याच्या बुडाशी शेंदूर लावलेला एक दगड. माय तिथूनच, खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून म्हणाली, "मारोतीराया, हे माही पोरगी. हिले टायमावर पोचव. हिचं काम झालं तं इथी येऊन सव्वा पायलीचे रोडगे करीन तुले." आणि एवढं बोलून ती लगेच खाली उतरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. सरकीच्या ढेपेचा एक ट्रक येत होता. तो थांबल्याशिवाय पुढे जाऊच शकत नव्हता. मुलाखतीच्या खोलीत मी शिरले तेव्हा माझ्या अंगाला ढेपेचा असा वास येत होता की समोरच्या एका साहेबांनी विचारलं, घरी गाई किती आहेत?

माझं नाव लागलं. आणि तिथून खरी अडचण सुरू झाली. बाबांनी आधी विचारलं, राहणार कुठे? अकोल्याला त्यांची सख्खी बहीण, माझी आत्या. तिने निरोप पाठवला की खोली झाडून ठेवली आहे, बेबीला पाठवा. मला घरात बेबीच म्हणत. आजही माहेरच्या ओळखीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्या बाया माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहत मला बेबी म्हणतात. त्या निरोपाने बाबांचा तो प्रश्न मिटला. मग, कॉलेजात हजर व्हायचा शेवटचा दिवस अगदी तोंडावर आला तेव्हा त्यांनी आपला हुकमी पत्ता टाकला.

"नवस बोल्ली होती ना तू?" ते मायला म्हणाले. "देवाचं देनं डोक्यावर ठेवून माही पोरगी घराबाहेर पाऊल टाकनार नाही. आधी नवस फेड. मंग जाऊ दे."

हे त्यांनी फार विचार करून काढलं होतं. रोडगे ही आमच्याकडे हिवाळ्यातली गोष्ट. पीक घरात आलं, थंडी पडली, की वावरात नाहीतर देवाच्या दारी गोवऱ्या पेटवायच्या, जाडसर दळलेल्या कणकेचे ओवा घातलेले गोळे निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात चुरायचे, वर वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. भर पावसाळ्यात उघड्यावर रोडगे करायचे म्हणजे विहिरीत चूल पेटवण्यासारखं होतं. शिवाय नवस जिथे बोलला तिथेच फेडायचा आणि जे केलं ते तिथेच संपवायचं, हा नियम. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत लिंबं किती आणि शेंदरी दगड किती! बाबांना वाटलं, हे झेपायचं नाही, आणि पोरगी घरी राहील, तीही देवाच्या मर्जीने.

"फेडतो," माय म्हणाली. "उद्याच फेडतो."

"तुले दगड तरी आठवते का?"

"न आठवाले काय झालं? लिंब हाय, बुडाशी मारोती हाय. चाला तुमी."

आता माझी सून अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये ओव्हनमध्ये रोडगे करते. चांगले होतात, खोटं कशाला बोलू. खाली ट्यूशन क्लासची पोरं गाड्यांचे हॉर्न वाजवत असतात आणि वर आम्ही पंखा लावून रोडगे खातो. राख लागत नाही, धूर होत नाही, डोळ्यांतून पाणी येत नाही. मी दरवेळी तिचं कौतुक करते आणि दरवेळी मला त्या दिवशीच्या गोवऱ्या आठवतात. त्या कोरड्या राहाव्यात म्हणून काकांनी त्या पोत्यात भरून पोतं आपल्या रेनकोटात गुंडाळलं होतं. घरात रेनकोट एकच होता. काका स्वतः भिजत मागे बसले.

काकांच्या एका दोस्ताचा मेटाडोर रोज फुलं घेऊन अकोल्याला जायचा. त्यात निशिगंधाच्या टोपल्यांमध्ये आम्ही बसलो. मी, बाबा आणि काका मागे, माय पुढे ड्रायव्हरजवळ, देव ओळखायला. कणकेचा डबा माझ्या मांडीवर होता आणि वांगी काकांच्या पायाशी. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात हजर झाले नाही तर माझी जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि मी त्या डब्याला दोन्ही हातांनी असं घट्ट धरलं होतं की जणू माझं कॉलेज त्यातच आहे. मूर्तिजापूर गेलं. पहिलं लिंब आलं, तिथे पानाची टपरी. दुसऱ्या लिंबाखाली खरोखरच शेंदरी दगड होता. मेटाडोर थांबला, माय उतरली, दगडाला चारी बाजूंनी पाहून परत चढली. "हा नाही. ह्याचं तोंड तिकडं हाय." तिसरं लिंब, चौथं लिंब. प्रत्येक वेळी माय चढली की बाबांचा चेहरा थोडा थोडा खुलत होता. चेहरा गंभीर ठेवायचा ते प्रयत्न करत होते, पण आनंद मिशीखालून दिसायचाच. आकाश भरून आलं होतं. मग एका ठिकाणी मायने मेटाडोरच्या दारावर हात आपटला.

"थांबव रे बापा. हाच हाय."

"ओयखला?" बाबांनी वाकून विचारलं.

"ओयखला. पाहा कसा बसला हाय."

लिंबाखाली, दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे हद्दीच्या बांधावर, एक उंच दगड उभा होता, शेंदराने लालभडक. सामान उतरवून मेटाडोर अकोल्याला निघून गेला. तो संध्याकाळी परतताना आम्हाला घेणार होता, म्हणजे तोवर आम्ही आणि तो दगड. काकांनी झाडाखालची कोरडी जागा शोधून गोवऱ्या रचल्या आणि रॉकेल न घालता, नुसत्या फुंकरीने पेटवल्या. ते नास्तिक होते पण रोडग्याच्या बाबतीत कट्टर होते. मी कणीक भिजवली. माय दगड धुऊन त्याला हळद-कुंकू लावून गजरा घालत होती आणि पुटपुटत होती. बाबा पूजेचं तबक हातात घेऊन उभे, कुठे काही चुकतं का पाहत. दगडी पाट्यावर मिरची-लसूण वाटल्याचा आवाज, ओल्या मातीचा वास, भाजीच्या गंजातून, म्हणजे पातेल्यातून, उठणारी वाफ, आणि गंजाशेजारी बसून भाजी ढवळणारे, पण चवही घेऊ न शकणारे काका. नवसाचं वर्ष सरायला अजून अवकाश होता.

रोडगे निखाऱ्यात घातले तेव्हा धूर पाहून डाव्या हाताच्या वावरातून एक धोतरवाले गृहस्थ छत्री घेऊन आले. त्यांनी लांबूनच चपला काढल्या. त्यांचं नाव वामन. आम्ही नवस फेडायला आलो आहोत हे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला की मला आश्चर्य वाटलं. ते मायच्या पाया पडायच्या बेतात होते. तेवढ्यात उजव्या हाताच्या वावरातून दुसरे एक जण आले, डोक्यावर पोत्याची खोळ, चिखलाने पोटऱ्यांपर्यंत माखलेले. ते त्यांचे चुलतभाऊ किसन. ते चपलांसकट आले.

"ओ बाई, हे काय चालू हाय?"

"नवस हाय दादा," माय म्हणाली. "मारोतीचा."

"कोनचा मारोती? हा आमच्या धुऱ्याचा दगड हाय. ह्या वामन्यानं धुरा माह्या वावरात सरकवला अन् वरून दगडाले सेंदूर फासला. मी हलवू नये म्हनून!"

"पाय किसन्या, पाय," वामनराव आनंदाने थरथरत म्हणाले, "कुठून कुठून लोकं नवस फेडाले येऊन राहिले. आता हलवून दाखव!"

मी हातातला रोडगा तसाच धरून उभी राहिले. बाबांनी तबक खाली ठेवलं. पोत्याने हात पुसले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, कोर्टात निकाल बाजूने लागलेल्या माणसाचा होतो तसा. "झालं तं मंग. म्हंजे देव बी नाही अन् नवस बी फिटला नाही. उचला सामान."  मला त्या दोन्ही भावांचा राग आला, दगडाचा आला, मारोतीचा आला. सगळ्यात जास्त राग आला तो त्या शेवंतीचा, जिच्यामुळे मला हे वेड लागलं होतं. मी रडायला लागले आणि रडता रडता उरलेली कणीक मळत राहिले, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

मायने मान वर केली नाही. काठीने निखारा बाजूला सारून ती एकेक रोडगा उलटत होती.

"कोनी काही उचलनार नाही," ती म्हणाली. "म्या हात जोडले तवा हा मारोती होता. माही पोरगी टायमावर पोचली. धुरा तुमचा, भांडन तुमचं, त्याच्यात मले पाडू नका. इथी आलेला मानूस उपाशी गेला तं नवस फिटत नाही. रोडगे होत आले. हात धुवा दोघंबी."

"पन बाई, हा देव नाहीच," किसनराव म्हणाले.

इथे काका उठले. हातात भाजीची पळी होती. "किसनभाऊ, देव नाही हे मले बी मान्य हाय. मी नास्तिक मानूस. पन ह्या वैनीच्या एका शब्दापायी मी वांगं सोडून बसलो. हे पाय, गंजभर भाजी म्या सोता शिजवली अन् बोटभर चाखली नाही. तुह्याच्यानं एक दिवस तरी होते का हे? मंग बस खाली."

किसनरावांनी गंजात डोकावून पाहिलं. मग काकांकडे पाहिलं. एवढा मोठा त्याग त्यांनी बहुधा पाहिला नव्हता. ते खाली बसले, पण धुऱ्याच्या आपल्या बाजूला. वामनराव त्यांच्या बाजूला बसले. मधे दगड. मायने दोघांपुढे पळसाच्या पत्रावळी ठेवल्या, आणि बसल्या बसल्या किसनरावांनी विचारलं, नवस होता कशाचा? मायने सांगितलं. ते मोठ्याने हसले.

"पोरीले शेतीचं कॉलेज! अवं बाई, वावरातला चिखल तुडवाले कोनी कॉलेजात जाते का? शिकवाचंच असन तं मास्तरीन करा तिले."

तेच शब्द. दाढी करता करता म्हटलेले, जसेच्या तसे. काकांची पळी हवेत थांबली. मायने तुपाचं भांडं उचललं आणि तसंच धरून ठेवलं. मी बाबांकडे पाहिलं. ते पोत्याची घडी घालत होते, ती घडी त्यांच्या हातातून सुटली आणि त्यांची मान लाल झाली.

"तू कोन रे सांगनारा?" बाबा म्हणाले. "माही पोरगी काय शिकन ते मी पाहीन. तुह्या वावरातलं पीक मेलं तं काहून मेलं ते सांगता येते का तुले? माही शेवंती मेली. उभी मेली. मले नाही सांगता येत. हिले येईन. उद्या पयल्या गाडीनं मी सोता घेऊन जातो हिले अकोल्याले, पाहू कोन अडवते ते. अन् आता खा मुकाट्यानं, रोडगा थंडा होऊन राहिला!"

एवढं बोलून ते स्वतःच दचकले. आपण काय बोलून बसलो हे त्यांना ऐकू आलं असावं. पण बाबांनी दिलेला शब्द कधी मागे घेतला नाही, तो चुकून दिलेला असला तरी.  मायने किसनरावांच्या रोडग्यावर तूप ओतलं, इतकं ओतलं की ते पत्रावळीतून खाली वाहिलं. तेवढं तूप तिने जावयालासुद्धा पुढे कधी वाढलं नाही.

ते दोघे भाऊ जेवून एक झाले, गळ्यात गळे पडले, असं काही झालं नाही. जेवतानाही ते भांडत होते, दगड मुळात हातभर अलीकडे होता की पलीकडे. पण किसनरावांनी भाजी दोनदा मागून घेतली आणि दोन्ही वेळा काकांनी डोळे मिटून वाढली. मग पाऊस आला. आम्ही सगळेच लिंबाच्या खोडाला चिकटून उभे राहिलो, वामनरावांची छत्री मायच्या आणि उरलेल्या रोडग्यांच्या डोक्यावर. शेवटचा रोडगा किसनरावांच्या बैलांना घातला. मेटाडोर आला तेव्हा निखारे विझून राखेचा चिखल झाला होता, आणि माझ्या हाताला ओव्याचा वास येत होता. तो वास घेऊनच मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. बाबा वळकटी डोक्यावर घेऊन माझ्यापुढे चालत होते आणि फाटकावरच्या शिपायाला, त्याने काही विचारायच्या आत, सांगत होते की ही माझी मुलगी आहे, ती शेतीचं शिकणार आहे, काही म्हणणं आहे का?

पुढे नोकरी लागली. मोर्शीच्या संत्र्याच्या बागा पाहिल्या, धारणीच्या रस्त्यांवर जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली. शेवंती कशाने मेली तेही कळलं. मुळांना लागणारी बुरशी होती. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्या तवाच म्हटलं होतं." त्यांनी तेव्हा नजर लागली असं म्हटलं होतं.  बाबा गेले, काका गेले. काकांनी नवस संपल्या दिवशी वांग्याची भाजी एवढी खाल्ली की रात्रभर पोट धरून बसले, आणि मायने पुन्हा मारोतीला साकडं घालू नये म्हणून सकाळपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

माय शेवटी शेवटी माझ्याकडे मोर्शीला राहायला आली होती. हिवाळा होता, क्वार्टरच्या मागे मी गोवऱ्या पेटवल्या होत्या. तिला चावत नसे, मी रोडगा वरणात कुस्करून देत होते. तेव्हा मी तिला विचारलं, "माय, त्या दिवशी तो दगड तू खरंच ओळखला होतास का?"

तिने घास गिळला. मग लहान मुलीसारखी हसली.

"कायचा ओयखतो माय. सारे लिंबं सारखे. आभाय भरून आलतं. अन् तुह्या बापाचा चेहरा लय खुलून राहिलता. म्हटलं, आता थांबाच लागते."

"म्हणजे नवस भलत्याच जागी फेडला?"

"हात जोडले होते ते तं खरं ना?" ती म्हणाली. "कुठी जोडले ते त्याले ठाऊक. वाढ अजून, तूप घाल."

अकोल्याला माझं अजून जाणं होतं. आत्याची नातवंडं आहेत, त्यांच्याकडची लग्नकार्यं असतात. कोणतं लिंब खरं ते मायलाच माहीत नव्हतं, म्हणून मूर्तिजापूर सोडलं की मी प्रत्येक लिंबाला हात जोडत आले. ही सवय कित्येक वर्षांची. आता रस्ता मोठा झाला, लिंबं गेली, आणि त्या दगडाचं काय झालं ते मला माहीत नाही. गेल्या महिन्यात मुलगा गाडी चालवत होता. तो काकांवर गेला आहे, देव मानत नाही आणि प्रसाद सोडत नाही. मी समोर पाहून हात जोडले.

"आई," तो म्हणाला, "तो टोलनाका आहे."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "तू गाडी हळू कर."

त्याने गाडी हळू केली. मी मायला आठवून पुन्हा एकदा नीट हात जोडले. समोरचा दांडा वर झाला आणि आम्ही अकोल्याकडे निघालो.